स्पॅनिश बोलायला घाबरणाऱ्या मुलांना बोलतं कसं करायचं, पायरी पायरीने

पेपरात पैकीच्या पैकी, क्रियापदांची रूपं तोंडपाठ, आणि वर्गात नुसतं "कोमो एस्तास?", म्हणजे कशी आहेस, विचारलं की नजर खाली वहीत. स्पॅनिश शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येक बॅचमध्ये असे दोन-चार जण असतातच. त्यांच्यासाठी आपल्याकडे ठरलेला सल्ला म्हणजे "अगं घाबरतेस काय, बोल बिनधास्त". याचा उपयोग शून्य, उलट जी अजून घाबरली नव्हती तिलाही कळतं की इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे म्हणून.

मी पुण्यात शाळेतल्या मुलांच्या आणि नोकरदार मंडळींच्या, दोन्ही बॅचेस घेते आणि माझं मत आता पक्कं झालंय की ही भीती स्पॅनिशची नसतेच, ती असते तयारी नसताना चारचौघांत बोलायला लागण्याची. त्यामुळे मुलाचा स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका, आपण त्याला कोणासमोर, किती वेळात आणि किती बोलायला सांगतोय ते बदला. ते आपल्या हातात आहे, स्वभाव नाही. खालचं सगळं मुख्यतः शिकवणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण पालकांना आणि घरी एकट्याने शिकणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी भीती नेमकी कुठे आहे ते शोधा

१९८६ साली टेक्सास विद्यापीठातल्या एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी परकीय भाषेच्या वर्गातल्या भीतीवर एक निबंध लिहिला, या विषयावर काहीही वाचायला घ्या, तो निबंध समोर येतोच. त्यांची प्रश्नावली ३३ विधानांची आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांना ती दिली ते स्पॅनिशच्या सुरुवातीच्या वर्गातलेच होते. शिक्षक आता आपलं नाव घेणार हे कळलं की थरथर सुटते, अशा धाटणीची विधानं आहेत. त्यांनी या भीतीच्या जवळचे तीन प्रकार सांगितले, एक लोकांशी बोलण्याची, दुसरी परीक्षेची आणि तिसरी इतर जण आपल्याला काय समजतील याची. तिसरी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको, "लोक काय म्हणतील" हे आपण लहानपणापासून ऐकतच मोठे झालोय.

३३ विधानं भरून घ्यायला आपल्याकडे वेळ नसतो, म्हणून मी सोपं करते. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला सगळ्यांना एक कोरी चिठ्ठी द्यायची, नाव लिहायचं नाही. फळ्यावर पाच प्रसंग लिहायचे: शेजारच्याशी बोलणं, उभं राहून मोठ्याने वाचणं, अचानक नाव पुकारलं जाणं, ऑडिओ ऐकून उत्तर देणं, तोंडी परीक्षा. प्रत्येकाला एक ते पाच मार्क द्यायचे, पाच म्हणजे पोटात गोळा. चिठ्ठ्या गोळा करून बेरीज तिथेच फळ्यावर मांडायची. अर्ध्या वर्गाने "अचानक नाव पुकारणं" याला चार-पाच दिलेत हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, आणि "मीच एकटी मठ्ठ आहे" हा समज तिथेच निम्मा उतरतो. शिवाय तुम्हाला कळतं की सुरुवात कुठून करायची ते.

चिठ्ठीत न दिसणाऱ्याही खुणा असतात. तोंडी सरावाच्या दिवशी हमखास उशिरा येणं, प्रत्येक उत्तर इंग्रजीत देणं, सतत हसून विषय टाळणं, एका वाक्यासाठी दहादा डिक्शनरी उघडणं. यातलं हसणं सगळ्यात फसवं, शिक्षकाला वाटतं पोरगं उनाड आहे.

नोकरदारांचं आणखी वेगळं. दिवसभर क्लायंटच्या मीटिंगमध्ये खणखणीत बोलणारा माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून संध्याकाळी क्लासला येतो आणि त्याला "माझं नाव अमुक, मी पुण्यात राहतो" एवढंच बोलता येतं. एवढ्या वर्षांची हुशारी एकदम गायब झाल्यासारखी वाटते त्याला. अशांना आकडा सांगा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था स्पॅनिशला इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सगळ्यात सोप्या भाषांच्या गटात धरते, आणि तरीही आपल्या अधिकाऱ्यांसाठी साधारण ६०० ते ७५० तासांचं वर्गशिक्षण धरते, तेही पूर्णवेळ. तुम्ही आठवड्यातून दोनदा येऊन दोन महिन्यांत अडखळताय तर ते अगदी वेळापत्रकाप्रमाणे चाललंय.

पहिल्या तासात दोनच कामं

पहिलं, त्यांना आधीच काय येतं ते दाखवा. फळ्यावर लिहा आणि मोठ्याने म्हणा: पपाया, पाताता, ताबाको, कामिसा, आर्मारिओ. पपई, बटाटा, तंबाखू, खमीस, अलमारी, मुलं स्वतःच ओळखतात. अर्जेंटिनात अननसाला आनाना म्हणतात हे सांगितलं की वर्ग हसतोच. मग सांगा की स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तूच, उच्चारही तोच, अर्थही तोच, आणि मोठ्यांसाठी "तुम्ही" सारखं उस्तेद आहे. दहा मिनिटांत लक्षात येतं की आपण कोऱ्या पाटीने आलेलो नाही.

दुसरं, अडकल्यावर काय बोलायचं ते आधी शिकवा, "मे यामो", म्हणजे "माझं नाव", याच्याही आधी. नो एन्तिएन्दो, मला कळलं नाही. मास देस्पासियो, पोर फाबोर, जरा हळू. ओत्रा बेस, पुन्हा एकदा. कोमो से दीसे अमुक? म्हणजे अमुकला काय म्हणतात. आणि पासो, म्हणजे माझी पाळी पुढे द्या. ही पाच वाक्यं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून ठेवा. पासो म्हणायचा हक्क सगळ्यांना द्या, तासाला दोनदा, कारण न सांगता. शिक्षकांना भीती वाटते की मग सगळेच पासो म्हणतील, तसं होत नाही, सुटका आहे हे माहीत असलं की उलट बहुतेक जण ती वापरत नाहीत.

याच्याच जोडीला थोडं पुढे गेल्यावर वेळकाढू शब्द शिकवा. आपण मराठीत "म्हणजे", "बरं", "बघू हं" करत विचार करतो, स्पॅनिश लोकही तेच करतात: ब्वेनो, प्वेस, आ बेर. विद्यार्थी आठवत असताना गप्प बसला की त्याला वाटतं आपण नापास झालो, तोच "आ बेर..." म्हणून थांबला की बोलणारा माणूस दिसतो. एवढ्याशा गोष्टीने केवढा फरक पडतो.

इंग्रजीचा वळसा टाळा

आपल्याकडे जवळजवळ सगळी स्पॅनिशची पुस्तकं आणि ॲप्स इंग्रजीतून शिकवतात. ज्या मुलांना आधीच इंग्रजीचा न्यूनगंड आहे त्यांच्या डोक्यावर यामुळे दोन भाषांचं ओझं येतं, आणि वाईट म्हणजे बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून गेल्यामुळेच गोष्ट अवघड होते, मराठीतून ती सरळ असते.

सगळ्यात चांगलं उदाहरण "आवडणे" चं. इंग्रजीतून शिकवताना या क्रियापदावर अख्खा धडा खर्च होतो कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत बघा, मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये मे गुस्ता एल मान्गो, मे गुस्तान लोस मान्गोस. आंबे अनेक झाले की क्रियापद बदललं, "मला" तसंच राहिलं. रचना तीच. हे फळ्यावर दोन ओळींत लिहून बाजूला व्हायचं, मुलं स्वतःच कॉफी, क्रिकेट, मांजरं घालून वाक्यं करायला लागतात. विशेषणाचंही तसंच, चांगला मुलगा चांगली मुलगी, चीको ब्वेनो चीका ब्वेना. लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं याचा इंग्रजी बोलणाऱ्याला धक्का बसतो, आपल्याला बसायचं कारणच नाही. कर्ता गाळायची सवयही आपल्याला आहेच, "येतो हं" म्हणताना "मी" कोण म्हणतं?

उच्चारांतही तेच. स्पॅनिशचा त, द आपल्यासारखा दाताला जीभ लावून, क, प हवेचा फुत्कार न सोडता, आणि स्वर पाचच, अ ए इ ओ उ. फक्त र चा दणदणीत कंप असलेला उच्चार, पेर्रो म्हणजे कुत्रा यातला, त्याला मुलं फार घाबरतात कारण साध्या र ने पेरो म्हटलं की त्याचा अर्थ "पण" होतो. त्यांना म्हणायला लावा, चिमणी भुर्रकन उडाली. कापड टर्रकन फाटलं. गाडी सर्रकन गेली. भुर्र, टर्र, सर्र, पेर्र, पेर्रो. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, एकट्याला उभं करून अजिबात नाही. काहींना तरी जमत नाही, आठवडे लागतात, लागू देत. "माझं कुत्रं आजारी आहे" हे वाक्य साध्या र ने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, कुणी "माझं पण आजारी आहे" असं समजत नाही.

आणि इंग्रजीतून उडी मारण्याचा धोका दाखवणारं ते प्रसिद्ध उदाहरण. लाज वाटतेय हे सांगायचंय, इंग्रजी "एम्बॅरस्ड" सारखा दिसणारा स्पॅनिश शब्द सापडला, आणि बाई म्हणाल्या एस्तोय एम्बारासादा. त्याचा अर्थ मी गरोदर आहे. मराठीतून गेलं तर "मला लाज वाटते", मे दा बेर्ग्वेन्सा, तिथे "मे" म्हणजे परत आपलं "मला"च.

मराठी सगळीकडे कामाला येते असं नाही, सेर आणि एस्तार या दोन्हीला आपल्याकडे एकच "असणे" आहे, तिथे गोंधळ होणारच. पण म्हणून नियमांची यादी पहिल्याच महिन्यात तोंडावर मारू नका. सोय दे पुणे, एस्तोय कान्सादा, अशी तयार वाक्यं वापरू द्या, मी पुण्याची, मी दमलेय. नियम मागाहून. देवनागरीत उच्चार लिहून घ्यायला काही शिक्षक सक्त मनाई करतात, मी सुरुवातीचे काही आठवडे करू देते, वाचताना हात कापत असतील तर तो आधार काढून घेण्यात काय शहाणपणा?

बोलण्याची शिडी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे त्यामुळे थोडं लांबण लावते. वर्गासमोर एकट्याने बोलणं ही शेवटची पायरी आहे आणि आपण तिथूनच सुरू करतो, हाच घोळ. एक साधा प्रसंग घ्या, कॅफेत जाऊन ऑर्डर देणं. तीन-चार वाक्यं फक्त. ओला, ब्वेनोस दीयास. उन काफे कोन लेचे, पोर फाबोर. क्वान्तो एस? ग्रासियास. म्हणजे नमस्कार, एक दुधाची कॉफी द्या, किती झाले, धन्यवाद.

एक, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग पेंगुळलेल्या वेटरसारखं, मग घाईतल्या गिऱ्हाइकासारखं. गोंगाटात स्वतःचा आवाज लपतो आणि जीभ वळते.

दोन, लिहायला तीन मिनिटं. स्वतःला काय प्यायचंय ते ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायचं.

तीन, शेजारच्याशी जोडी. कागद बघून चालेल. सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलतात त्यामुळे कुणी कुणाचं ऐकत नाही, शिक्षकानेही कानात प्राण आणून फिरायचं नाही, लांब उभं राहायचं. मग जोडीदार बदलायचा, तेच परत. तिसऱ्या जोडीदारापर्यंत कागद आपोआप खाली जातो, हे बघायला मजा येते, कुणी सांगावं लागत नाही.

चार, घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट, फक्त शिक्षकाला, ग्रुपवर नाही. हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. मुलगी ती नोट हव्या तितक्या वेळा रेकॉर्ड करून डिलीट करू शकते, म्हणजे "गृहपाठ तीस सेकंद" असला तरी सराव वीस मिनिटांचा होतो. उत्तरही व्हॉइस नोटनेच द्यायचं, स्पॅनिशमध्ये, गप्पा मारल्यासारखं: कॉफी गरम घेतलीस की थंड? म्हणजे ती तपासणी न वाटता बोलणं वाटतं.

पाच, चौघांचा गट. एक वेटर, तीन गिऱ्हाइकं. मेनूकार्ड हातात द्या, हातात काहीतरी असलं की बरं वाटतं. वाढप्याची भूमिका लाजऱ्या मुलाला द्या, कारण वेटरची वाक्यं ठरलेली असतात आणि सगळे त्याच्याकडे न बघता मेनूकडे बघतात.

सहा, वर्गासमोर, आणि तेही जो तयार असेल त्यानेच. काही जण सहाव्या पायरीवर दुसऱ्या सत्रात येतील. येऊ देत.

ऑनलाइन क्लास असेल तर कॅमेरा बंद ठेवून बोलायची मुभा, आधी चॅटमध्ये लिहून मग ते वाचणं, आणि दोघा-दोघांच्या खोल्या, बाकी शिडी तीच. अचानक नाव पुकारणं पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, पण आधी कळवा. "यानंतर तुझा नंबर, प्रश्न हाच असणार आहे" एवढं सांगितलं तरी चेहरा बदलतो.

थांबा, आणि चुका जरा जपून काढा

संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. ते वर्ग विज्ञानाचे होते, मुलांच्या स्वतःच्या भाषेत. परक्या भाषेत तर पाच-सहा सेकंद द्यायला हवेत. मनात सहापर्यंत मोजा, फार लांब वाटतं, तोंडाला कुलूप लावून उभं राहा. शेजारच्याने उत्तर फोडलं तर त्याला प्रेमाने गप्प करा.

चुकांचं म्हणाल तर बोलणं चालू असताना मध्येच तोडू नका. मुलगा म्हणाला "मे गुस्ता लोस मान्गोस", तर "आ, ते गुस्तान लोस मान्गोस? मलाही!" असं बरोबर रूप आपल्या उत्तरात घालून पुढे जा. यात एक गोम आहे, बऱ्याच मुलांच्या ते लक्षातच येत नाही, म्हणून तासाच्या शेवटी पाच मिनिटं काढून चार-पाच वाक्यं फळ्यावर लिहायची, कुणाची ते न सांगता, आणि वर्गाने ती दुरुस्त करायची. एका विद्यार्थ्याची एका वेळी एकच चूक. आणि कुणी हसलं तर पहिल्या दिवशीच नियम, चुकीवर हसायचं नाही, अर्थावर हसा हवं तर. ती गरोदरपणाची गोष्ट असली की हसू येणारच.

ऐकताना घाबरगुंडी उडते तेव्हा

ऑडिओ लावला की "मॅडम हे किती फास्ट बोलतात!" हे ठरलेलं. ते खरंच आहे, त्यांना तसं सांगा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्पॅनिश सेकंदाला सरासरी ७.८२ अक्षरं निघाली, इंग्रजी ६.१९. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्पॅनिशच्या एकेका अक्षरात माहिती कमी भरलेली असते, म्हणजे वेगाने बोलून शेवटी तेवढंच सांगतात. त्यामुळे प्रत्येक अक्षर पकडायचा हट्ट सोडायला शिकवा. पहिल्यांदा ऐकताना पेन खाली. माणसं किती, कुठे आहेत, भांडतायत की गप्पा मारतायत, बस. दुसऱ्यांदा फक्त आकडे आणि नावं. तिसऱ्यांदा कागदावरची वाक्यं समोर ठेवून. याच क्रमाने करा, मजकूर आधी दिलात तर ते वाचतच बसतात.

पालकांनी एक गोष्ट बंद करावी

घरी पाहुणे आले की "अगं, काकांना स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून दाखव ना!" कृपा करा. काकांना कळत नाही, मुलीला सुचत नाही, आणि "एवढी फी भरतोय, दोन वाक्यं येत नाहीत" हे वर. त्यापेक्षा तिला म्हणा, मला शिकव. तुम्ही पेर्रो म्हणताना अडखळलात की तिला कोण आनंद होतो बघा.

आणि दर क्लासच्या आधी उलट्या, पोटदुखी, रात्री झोप न येणं असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, इतर विषयांतही तसंच होत असेल, तर हे क्लासमधल्या युक्त्यांचं काम नाही, शाळेच्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला.

तोंडी परीक्षेची तयारी

आपल्याकडची बरीच मुलं डेले देतात, स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या इन्स्तितूतो सेर्बान्तेसची परीक्षा, त्यांचं एक केंद्र दिल्लीत आहे. तिची अर्धी भीती माहिती नसल्यामुळे असते. ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला तोंडी परीक्षा साधारण १० मिनिटांची, आणि त्याआधी १० मिनिटं तयारीला मिळतात, टिपणं काढता येतात, बोलताना त्यांच्याकडे बघता येतं, फक्त वाचून दाखवायची नाहीत. खोलीत दोन परीक्षक असतात, एक तुमच्याशी बोलतो, दुसरा गप्प बसून मार्क देतो. हा दुसरा काहीतरी लिहायला लागला की मुलं गडबडतात, त्यामुळे सरावात एका मैत्रिणीला मुद्दाम बाजूला बसवून उगाचच लिहायला लावायचं. गुणांचंही सांगून टाका, ऐकणं आणि बोलणं मिळून ५० चा एक गट, त्यात ३० लागतात, म्हणजे बोलण्यात थोडं घसरलं तरी ऐकण्यात सावरता येतं. आणि एकदा मिळालेलं डेलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, त्याची मुदत संपत नाही.

सरावाचा क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात फक्त स्वतःची ओळख, नाव-गाव-काम-घरची माणसं-आवडीनिवडी, पण पाठ केलेला एकच परिच्छेद नको, कारण मध्ये प्रश्न आला की त्याची साखळी तुटते. पाच मुद्दे पाच चिठ्ठ्यांवर लिहून पिसायच्या आणि येतील त्या क्रमाने बोलायचं. दुसऱ्या आठवड्यात घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटं तयारी, कारण तेवढ्या वेळात काय लिहायचं हेच बऱ्याच जणांना कळत नाही, ते पूर्ण वाक्यं लिहीत बसतात आणि वेळ संपतो. फक्त शब्द लिहायचे, एका मुद्द्याला तीन. तिसऱ्या आठवड्यात अनोळखी परीक्षक, म्हणजे दुसऱ्या बॅचच्या शिक्षकाला बोलावून एकदा अख्खी परीक्षा, वेटिंगच्या खुर्चीपासून. त्यात एका तरी प्रश्नाला मुद्दाम "ओत्रा बेस, पोर फाबोर" म्हणायला लावा, कळला असला तरी.